चार अर्कांची कॅप्सूल आणि आतड्याचा कर्करोग : एका डबीचे परीक्षण

आमच्या तालुक्याच्या गावी, बस स्थानकाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जडीबुटी आणि आयुर्वेदिक औषधांचे एक दुकान आहे. हळद, द्राक्षाच्या बिया, भुईनिंब आणि काळी मिरी यांच्या अर्कांची एक कॅप्सूल तिथे मिळते आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगावर ती लागू पडते, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. ६० कॅप्सूलच्या डबीची किंमत १,८५० रुपये आहे. वर्धा जिल्ह्याच्या या पट्ट्यात कापसाचे चुकारे हाती आले की वर्षभराचे देणेघेणे मिटवले जाते, तिथे ही रक्कम लहान नाही. शिवाय दुकानदार एका डबीवर थांबत नाही, सहा महिन्यांचा कोर्स सांगतो. माझ्या काकाजींच्या आजारपणात ही डबी आमच्या घरी आली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे डबी, तिच्यासोबतचे पत्रक आणि पत्रकात ज्याचा हवाला दिला आहे ते संशोधन, असे सगळेच वाचून काढले. उत्पादनाचे आणि दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशाच घटकांच्या डब्या निरनिराळ्या नावांनी बाजारात आहेत आणि पुढे लिहिलेले त्यांपैकी बहुतेकींना लागू पडावे.

आधी डबीविषयी. पांढरी प्लास्टिकची डबी, पुढच्या बाजूला हळकुंड आणि काळ्या द्राक्षांच्या घडाचे चित्र, झाकणाखाली चंदेरी पापुद्रा. कॅप्सूल उघडली तर आत पिवळसर तपकिरी भुकटी निघते. तिला हळदीचा वास येतो आणि जिभेवर ठेवली तर भुईनिंबाचा कडूपणा बराच वेळ जात नाही. म्हणजे जे लिहिले आहे त्यातले काहीतरी आत नक्की आहे. मागच्या बाजूला एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले आहे. हे वाक्य कायद्याने सक्तीचे आहे. कारण कायद्याच्या दृष्टीने ही डबी औषध नसून आरोग्यपूरक खाद्य आहे आणि अशा खाद्याला कोणताही आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. तो दावा डबीवर कुठेच नाही. तो आहे सोबतच्या सुट्या पत्रकात, ज्यावर ना उत्पादकाचे नाव आहे, ना पत्ता, ना छापखान्याचे नाव. पत्रक मराठीत आहे, ठळक अक्षरांत आहे, आणि त्यात ‘अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले अर्कांचे मिश्रण’ असे लिहिले आहे. गिऱ्हाईक वाचते ते पत्रक. डबीवरचे इंग्रजी वाक्य आमच्या घरातही मी वाचून दाखवेपर्यंत कोणी पाहिले नव्हते.

घटकांच्या यादीत चार वनस्पतींची नावे आहेत आणि पुढे सगळ्यांचे मिळून ‘मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ एवढेच दिले आहे. त्यात हळदीचा अर्क किती, द्राक्षबीचा किती, त्या अर्कात मूळ द्रव्याचे प्रमाण किती टक्के, यांपैकी काहीही नाही. ज्या उत्पादनाचा सगळा डौल ‘योग्य प्रमाणात एकत्र केलेल्या अर्कां’वर उभा आहे, त्याने प्रमाणच लपवावे ही मला या डबीतील सर्वांत गंभीर उणीव वाटते. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, तो कंपनीचा फॉर्म्युला हाय, ते कोणाले सांगत नाही.’ त्याच्यापुरते उत्तर खरे असेल, पण रुग्णाच्या डॉक्टरांना एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

आता पत्रकातील हवाल्याकडे वळतो, कारण तो संपूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच त्याचा नीट विचार व्हायला हवा. अमेरिकेत डॅलस येथील बेलर संशोधन संस्थेत डॉ. अजय गोयल यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हळदीतील कर्क्युमिन आणि द्राक्षाच्या बियांतील प्रोअँथोसायनिडिन या गटातील द्रव्ये त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर आधी वेगवेगळी आणि मग एकत्र वापरून पाहिली. एकत्र वापरल्यावर पेशींची वाढ जास्त रोखली गेली. हेच पुढे उंदरांत वाढवलेल्या गाठींवर, आणि रुग्णांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेल्या सूक्ष्म गोळ्यांवर, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, तपासले गेले आणि तिथेही जोडीचा परिणाम एकेकट्यापेक्षा अधिक दिसला. त्याच गटाने २०२१ मध्ये भुईनिंब आणि द्राक्षबीच्या द्रव्यांची जोडी तपासली. तिथे पेशी मरण्याचा जो मार्ग दिसला त्याला फेरोप्टोसिस म्हणतात: पेशीतील लोहामुळे तिच्या आवरणातील स्निग्ध घटकांचे ऑक्सिडीकरण होत जाते आणि आवरणच निकामी होते. कर्करोगाच्या पेशी नेहमीच्या मरणमार्गांना चकवा देण्यात तरबेज असतात, त्यामुळे त्यांना मारण्याचा हा दुसरा मार्ग संशोधकांना महत्त्वाचा वाटतो, आणि तो महत्त्वाचा आहेच.

अर्क एकत्र करण्यामागचा विचारही पटण्यासारखा आहे. कर्करोगाची पेशी वाढीसाठी एकाच रस्त्यावर अवलंबून नसते. एक बंद केला तर ती दुसऱ्याने जाते. म्हणून रुग्णालयातही किमोची औषधे सहसा एकत्र देतात. आतड्याच्या कर्करोगात ऑक्झॅलिप्लॅटिनचे सलाईन आणि कॅपेसिटाबीनच्या गोळ्या एकत्र दिल्या जातात, किंवा फ्लुओरोयुरॅसिल, ल्युकोव्होरिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हे त्रिकूट. वनस्पतींतील द्रव्यांबाबतही तसेच काही साधता येईल का, हा प्रश्न विचारणारे लोक गंभीर अभ्यासक आहेत. माझी हरकत त्यांच्याविषयी नाही. प्रयोगशाळेत विचारलेला प्रश्न आमच्या बस स्थानकाजवळच्या काउंटरवर उत्तर म्हणून विकला जातो, ही माझी हरकत आहे.

त्या दोहोंमधले अंतर किती आहे, हे हळदीच्याच उदाहरणावरून दिसते. प्रयोगशाळेतील बशीत पेशींवर कर्क्युमिन थेट ओतता येते. माणसाने ते गिळले की त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. बरेचसे आतड्यातून तसेच पुढे जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झटपट रूपांतर करून टाकते. इंग्लंडमधील लेस्टर येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर रुग्णांना रोज ३.६ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात त्याचा मागमूस जेमतेम सापडला, पण आतड्याच्या ऊतीत ते मिळाले. म्हणूनच इतर अवयवांच्या तुलनेत आतड्याच्या कर्करोगात हळदीविषयी आशा बाळगायला थोडा आधार आहे. तरीही ३.६ ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवावा. आमच्या डबीवर दिवसाला दोन कॅप्सूल सांगितल्या आहेत. एका कॅप्सूलमध्ये चारही अर्कांचे मिळून ५०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. तो सगळाच्या सगळा शुद्ध कर्क्युमिन धरला, जे शक्य नाही, तरी त्या ३.६ ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही तो पोहोचत नाही.

इथे शेजारच्या लोकांचा एक प्रश्न हमखास येतो. वायगावची हळद आमच्या जिल्ह्याची, समुद्रपूर तालुक्यातली. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात कर्क्युमिन भरपूर असते असा तिचा लौकिक आहे. मग डबी कशाला, घरचीच हळद दुधातून का घेऊ नये? काकाजींनीही हेच विचारले होते: ‘हयद तं आपल्या घरचीच हाय, तेच खाल्ली तं?’ हिशेब असा की बाजारातील सामान्य हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरले, तर तीन ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. उत्तम हळदीत प्रमाण दुप्पट धरले तरी पन्नास ग्रॅम. हे कोणाच्याही पोटाला झेपणारे नाही. भाजीत, वरणात, दुधात जी हळद आपण खातो ती खुशाल खावी, किमो चालू असतानाही तिला भ्यायचे कारण नाही. पण ती उपचार आहे असे समजून कोणी गाठीच्या बाबतीत निश्चिंत होऊ नये.

आणि मात्रा पुरेशी असली तरी फळ मिळेलच असेही नाही. हा भाग पत्रकात अर्थातच नाही. आनुवंशिक दोषामुळे काही कुटुंबांत लोकांच्या आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावरच्या लहान गाठी) उगवतात आणि पुढे त्यांतून कर्करोग होतो. अमेरिकेत २००६ मध्ये अशा पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन (कांद्यासारख्या भाज्यांत असणारे द्रव्य) एकत्र देऊन पाहिले गेले. सरासरी सहा महिन्यांनी पॉलिपची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी आणि आकार सुमारे ५० टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष जगभर गाजला आणि आजही असंख्य डब्यांच्या जाहिरातीत तो फिरतो. पुढे, हा प्रयोग ज्या संशोधिकेने केला होता तिच्याच गटाने ४४ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले, एका गटाला वर्षभर रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. २०१८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत पॉलिपच्या संख्येत किंवा आकारात लक्षणीय फरक नव्हता. या वेळी क्वेर्सेटिन नव्हते, त्यामुळे जोडीची शक्यता पूर्णपणे मिटली असे म्हणता येणार नाही. पण पाच रुग्णांवरील आनंदावर लाखो डब्या विकणे किती कच्चे आहे, हे त्यातून पुरेसे कळते. ज्या संशोधकांनी आशा दाखवली त्यांनीच ती कठोरपणे तपासली आणि निकाल प्रतिकूल असूनही छापला, याचा मला फार आदर वाटतो.

वनस्पतींकडून काहीच मिळत नाही, असे कोणी यावरून समजू नये. आतड्याच्या कर्करोगात दिले जाणारे इरिनोटेकॅन हे औषध मुळात एका झाडातूनच आले आहे. नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी डॉ. मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही सापडते. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिले तर त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र निघाले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग त्याच्या रेणूत बदल केले गेले, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि १९९६ मध्ये इरिनोटेकॅनला आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. झाडापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली. तसेच चीनमध्ये बर्बेरिनवर (आपल्याकडील दारुहळदीत असते ते) मोठी चाचणी झाली. ज्यांचे पॉलिप काढून टाकले होते त्यांना दोन वर्षे दिवसातून दोनदा ०.३ ग्रॅम बर्बेरिन दिले, तेव्हा ३६ टक्के लोकांत पॉलिप पुन्हा आले, तर औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ४७ टक्के. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. पॉलिप परत येण्याचे प्रमाण घटणे आणि झालेला कर्करोग बरा होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण शेकडो लोकांवर, तुलनागट ठेवून, मात्रा उघड सांगून केलेले काम कसे असते ते इथे दिसते. आमच्या डबीमागे यांपैकी काहीही नाही.

डबीतील काळी मिरी निरुपद्रवी वाटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त काळजीची आहे. मिरीतील पिपेरीन कर्क्युमिनचे शोषण वाढवते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन दिले तेव्हा रक्तातील उपलब्धता वीस पटींनी वाढलेली आढळली. पत्रकात हे मोठ्या अभिमानाने दिले आहे. पण पिपेरीन हे करते ते यकृत आणि आतड्यातील औषधे निकामी करणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा केवळ हळदीसाठी नसते; इरिनोटेकॅनसारख्या औषधांची विल्हेवाटही तिच्याच काही विकरांकडून (एन्झाइमांकडून) लागते. किमोची मात्रा रुग्णाच्या उंची-वजनावरून, रक्ततपासण्या पाहून, मिलिग्रॅममध्ये ठरवलेली असते. ती यंत्रणा मध्येच कोणी मंद केली तर तीच मात्रा अंगावर येऊ शकते. भाजीतल्या चिमूटभर मिरीने हे होत नाही, अर्काच्या रोजच्या कॅप्सूलने होऊ शकते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती दिली; त्यांतील पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक दगावला. तपासलेल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही सापडला होता. हळदीचे सेवन करणाऱ्यांच्या संख्येपुढे दहा हा आकडा लहान आहे, पण ज्याच्या यकृतावर आधीच किमोचा भार आहे त्याने तो दुर्लक्षू नये.

काकाजींच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांची शस्त्रक्रिया नागपूरला झाली आणि नंतर दर तीन आठवड्यांनी सलाईन व मधल्या काळात कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे त्यांना गार काही सहन होईना; सकाळी रांजणातले पाणी हाताला लागले की बोटांत झिणझिण्या येत, म्हणून काकू त्यांच्यासाठी पाणी कोमट करून ठेवत. तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलली. अशा वेळी कोणी ‘यातून सुटका’ सांगितली तर माणूस ऐकतो, त्यात त्याचा दोष नाही. चुलतभावाने कॅप्सूल आणल्या आणि काकाजी त्या घेऊ लागले. पुढच्या रक्ततपासणीत यकृताच्या विकरांचे आकडे वाढलेले आले. डॉक्टरांनी विचारले, आणखी काही घेता का? काकाजी गप्प राहिले. काकूंनी पदराआडून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डबी फिरवून पाहिली, प्रमाण कुठे लिहिले आहे ते शोधले, आणि ती बंद करायला सांगून सलाईनची तारीख पुढे ढकलली. आकडे किमोने वाढले की कॅप्सूलने, हे सांगण्याचा मार्ग नव्हता, कारण दोन्हीमुळे ते वाढू शकतात. डबी नसती तर डॉक्टरांना एकाच कारणाचा विचार करावा लागला असता. काही आठवड्यांनी आकडे खाली आले आणि उपचार पुढे सुरू झाले.

किमो आणि हळदीचा अर्क एकत्र देण्याचा अभ्यास कोणी केलाच नाही असेही नाही. लेस्टर येथेच पसरलेल्या कर्करोगाच्या २८ रुग्णांवर, त्यांतील बहुतेकांना फ्लुओरोयुरॅसिल-ऑक्झॅलिप्लॅटिनसोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन देऊन, चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचा निष्कर्ष आला की हे मिश्रण रुग्णांना सोसते. ही चांगली बातमी आहे. परंतु तिथे कर्क्युमिनची शुद्धता आणि मात्रा ठाऊक होती, रक्ततपासणी ठरलेल्या वेळी होत होती आणि डॉक्टरांना सर्व माहीत होते. आमच्या काकूंना डबी पदराआड ठेवावी लागली, यातच दोन्हींचा फरक आला.

दुकानाच्या सेवेविषयी लिहायचे तर दुकानदार गोड बोलणारा, ओळखीचा माणूस आहे, पावती मागितली तर देतो, आणि न उघडलेली डबी परत घ्यायलाही तयार असतो. त्याला फसवायचे आहे असे मला वाटत नाही. वितरकाने दिलेले पत्रक तो खरे मानतो. पण गिऱ्हाइकाला तो एकदाही विचारत नाही की तपासणी झाली का, कोणाचा उपचार चालू आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे का. हळद आणि द्राक्षबीच्या अर्कांनी रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी असे पूरक पदार्थ थांबवायला सांगतात. हे त्याच्या गावीही नाही. माझ्यासमोर एका शेतकऱ्याला त्याने सांगितले, ‘हे सुरू करा, मग किमो घ्याचं काम नाही पडत.’ या एका वाक्यासाठी मी त्याला माफ करू शकत नाही.

कारण खेड्यात हा आजार तसाही उशिराच सापडतो. शौचातून रक्त पडले की मूळव्याध समजली जाते. काकाजींनाही सुरुवातीला तेच वाटले. गावातल्या उपचारांत, झाडपाल्यात आणि लाजेत कित्येक महिने गेले, वजन उतरले, रक्त कमी झाले आणि मग कुठे दुर्बिणीची तपासणी झाली. जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत हा तिसरा आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत दुसरा आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे १९ लाख नवे रुग्ण आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. पण तो आतड्यापुरताच असताना सापडला तर अमेरिकेतील नोंदींनुसार पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे; दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. सहा महिन्यांचा कोर्स म्हणजे या दोन आकड्यांमधला प्रवास होऊ शकतो. शौचातून रक्त पडणे, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्ताल्पता, यांपैकी काही असेल तर मूळव्याधीचे नाव घेण्याआधी तपासणी करून घ्यावी.

किमतीचाही विचार करायला हवा. दिवसाला दोन या हिशेबाने एक डबी महिनाभर जाते, म्हणजे सहा महिन्यांचे ११,१०० रुपये. दुकानदार तोंडी मात्र ‘आजार मोठा असेल तर सहा घ्या’ म्हणतो. मग डबी दहा दिवसांत संपते आणि खर्च तिप्पट होतो. याउलट महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार समाविष्ट आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर गेले की पुढची कागदपत्रे तो सांगतो. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, आणि आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचार मोफत झाले तरी येण्याजाण्याचा, सोबतच्या माणसाच्या राहण्या-जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कुटुंबाला जड जातो. त्या अकरा हजारांची खरी गरज तिथे असते.

पाच गुणांपैकी या डबीला मी एक देतो, तोही घटकांची नावे खोटी वाटत नाहीत आणि सक्तीचे वाक्य छापले आहे म्हणून. प्रत्येक अर्काचे वजन आणि प्रमाणीकरण डबीवर आले, प्रत्येक खेपेच्या शिसे व इतर जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागितल्यावर मिळाला, आणि ‘किमो चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये’ हे मराठीत ठळक छापले गेले, तर निरोगी माणसाने हौसेने घ्यायचे महाग पूरक खाद्य एवढे तिचे स्थान मी मान्य करीन. कर्करोगावरील उपचार म्हणून आज ती विकत घेऊ नये.

ज्यांच्या घरी अशी डबी आधीच आहे त्यांनी ती फेकू नये आणि लपवूही नये. पुढच्या तपासणीला सोबत न्यावी आणि कधीपासून, रोज किती घेतली ते डॉक्टरांना सांगावे. पत्रकाबाबत कायदा स्पष्ट आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे आणि तो बरा करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. मी पत्रक, डबी आणि पावतीच्या प्रती जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. दुकानदाराला तसे आधी सांगितले, तेव्हा त्याने पत्रके काउंटरवरून काढून आत ठेवली. डब्या अजून मांडणीवर आहेत. तुमच्या गावात असे पत्रक मिळाले तर डबीवरील बॅच क्रमांकासह त्याचा फोटो काढून ठेवा आणि तक्रारीला जोडा, कारण पत्रकावर उत्पादकाचे नाव नसते आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर डबी आणि पत्रक एकत्र दाखवावे लागते.